चालू पायथॉन अ‍ॅपमध्ये बाहेरची प्लग-इन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्यातल्या हाउसिंग सोसायट्यांची मेन्टेनन्स बिलं काढणारं अ‍ॅप आम्ही पायथॉनमध्ये लिहितो आणि सांभाळतो. एका सोसायटीचा हिशेब दुसरीला लागू पडत नाही. कुठे पाण्याचा खर्च नळांवर वाटतात, कुठे पार्किंगचा दर स्टिल्टला वेगळा आणि उघड्यावर वेगळा, कुठे बँकेचं स्टेटमेंट असं येतं की रकाने रोज जागा बदलतात. हे सगळं मूळ कोडमध्ये कोंबायचं नाही म्हणून प्लग-इन्सची सोय केली. ती बाहेरची माणसं लिहितात: सोसायटीचे अकाउंटंट, इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं, लॅमिंग्टन रोडवरचे पावती-प्रिंटर विकणारे. त्यांच्याकडून आणि स्वतःच्या अ‍ॅपला अशी सोय करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पायथॉन ३.१० आणि पुढच्या व्हर्जन्सना धरून आहेत.

प्लग-इन आणि साधी लायब्ररी यांत फरक काय?

लायब्ररीला तुमचा कोड नावानिशी बोलावतो. कोड लिहितानाच ती कोणती हे ठरलेलं असतं. प्लग-इनचं नाव अ‍ॅपला आधी माहीत नसतं. ते चालू असताना शोधायचं, लोड करायचं आणि ठरलेल्या वेळी त्याला काम द्यायचं. कोड तपासणारं पायटेस्ट, नकाशांचं क्यूजीआयएस आणि त्रिमिती चित्रांचं ब्लेंडर या तिघांचा पसारा याच पद्धतीवर वाढला. मुंबईतलंच उदाहरण हवं असेल तर पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं ‘मायावी’ बघा. वैज्ञानिक डेटा त्रिमितीत दाखवणारं हे अ‍ॅप एनव्हिसाज या प्लग-इन चौकटीवर उभं आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. चौकट कशी आखावी हे शिकायला वाचण्यासारखा आहे.

अ‍ॅपला प्लग-इन सापडतं कसं?

दोन रस्ते रुळलेले आहेत.

पहिला म्हणजे एक ठरावीक फोल्डर. त्यात टाकलेली प्रत्येक पायथॉन फाइल अ‍ॅप उघडून बघतं. पायथॉन पॅकेजेस इन्स्टॉल करणारं साधन ‘पिप’ ज्याला माहीत नाही, त्यालाही हे जमतं.

दुसरा म्हणजे एंट्री पॉइंट. प्लग-इन लिहिणारा आपल्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये (पॅकेजची माहिती देणारी फाइल) जाहीर करतो की अमुक गटात, अमुक नावाने माझा हा क्लास आहे. पिपने इन्स्टॉल झालं की ही नोंद पॅकेजच्या मेटाडेटात बसते आणि अ‍ॅप ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’मधल्या ‘एंट्री_पॉइंट्स’ला गट सांगून यादी मागतं. हे मॉड्यूल ३.८ मध्ये आलं, गटाचं नाव देऊन निवडण्याची सोय ३.१० मध्ये आली, आणि जुनी डिक्शनरीसारखी वापरायची पद्धत ३.१२ मध्ये काढून टाकली. इंटरनेटवरची जुनी उदाहरणं चालत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ‘पीकेजी_रिसोर्सेस’ हे जुनं मॉड्यूल वापरणारी उदाहरणं तर सोडूनच द्या. ते संथ आहे आणि निवृत्तीला लागलं आहे.

एंट्री पॉइंटचा मोठा फायदा असा की यादी मिळवताना प्लग-इनची एकही ओळ चालत नाही. नाव आणि व्हर्जन दिसतं, ‘लोड’ म्हटल्यावरच कोड चालतो. म्हणजे कोणतं प्लग-इन चालू करायचं हे आधी कमिटीच्या सेक्रेटरींना विचारता येतं. आमच्याकडे एका फाइलमध्ये मावणाऱ्या छोट्या नियमांसाठी फोल्डर आहे आणि ज्याला इतर लायब्ऱ्या लागतात त्याच्यासाठी एंट्री पॉइंट.

फोल्डर सरळ ‘सिस.पाथ’मध्ये (पायथॉन मॉड्यूल्स जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत) टाकून इम्पोर्ट केलं तर काय बिघडतं?

बरंच काही, आणि तेही गुपचूप. समजा, बिलाची शेवटची तारीख काढणारं प्लग-इन कुणी लिहिलं आणि फाइलचं नाव ठेवलं ‘कॅलेंडर’. पायथॉनच्या स्वतःच्या संचातही याच नावाचं मॉड्यूल आहे आणि ईमेल वाचणारं मॉड्यूल त्याच्यावर अवलंबून आहे. आता दोनपैकी एक होतं. मूळ कॅलेंडर आधीच लोड झालेलं असेल तर ‘सिस.मॉड्यूल्स’मधून, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या नोंदीतून, तेच परत मिळतं आणि तुमचं प्लग-इन कधी चालतच नाही. लोड झालेलं नसेल आणि तुमचा फोल्डर पाथमध्ये पहिला असेल, तर पुढे जेव्हा कधी ईमेल मॉड्यूल लोड होईल तेव्हा त्याच्या हाती सोसायटीचं कॅलेंडर पडतं, आणि एरर भलत्याच ठिकाणी दिसते. दोन प्लग-इन्सनी ‘युटिल्स’ नावाची फाइल ठेवली तरी हाच गोंधळ.

म्हणून पाथला हात लावू नका. ‘इम्पोर्टलिब.युटिल’मधल्या ‘स्पेक_फ्रॉम_फाइल_लोकेशन’ला फाइलचा पूर्ण पत्ता द्या आणि मॉड्यूलचं नाव तुम्ही ठरवा. आम्ही आमचा उपसर्ग, प्लग-इनचं नाव आणि व्हर्जन जोडतो. मग ‘मॉड्यूल_फ्रॉम_स्पेक’ने रिकामं मॉड्यूल बनवा, ते ‘सिस.मॉड्यूल्स’मध्ये नोंदवा आणि त्यानंतरच ‘एक्झेक_मॉड्यूल’ चालवा. एरर आली तर नोंद काढून टाका.

मधली नोंदवण्याची पायरी अनेक जण गाळतात, कारण साधी फाइल तिच्याशिवायही चालते. पण प्लग-इनमध्ये डेटाक्लास (माहिती ठेवायचा तयार साचा) असेल आणि वर ‘फ्यूचर’मधून अ‍ॅनोटेशन्स (प्रकार सांगणाऱ्या खुणा) घेतलेली असतील, तर डेटाक्लास आपलं मॉड्यूल ‘सिस.मॉड्यूल्स’मध्ये शोधतो, त्याला ‘नन’ मिळतं आणि एक अनाकलनीय अ‍ॅट्रिब्यूट एरर येते. प्लग-इन लिहिणारा बिचारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. पायऱ्या क्रमाने केल्या की हा त्रास त्याच्या वाट्याला येत नाही.

अ‍ॅप चालू असताना प्लग-इन टाकलं. यादीत दिसत का नाही?

आधी बघा की ते त्याच पायथॉनमध्ये इन्स्टॉल झालंय का. सर्व्हरवर तीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स (पायथॉनच्या स्वतंत्र मांडण्या) असतात आणि पिप चौथीकडेच बोट दाखवत असतं. अ‍ॅपमधून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ (चालू पायथॉनचा पत्ता) छापून घ्या आणि त्याच पायथॉनकडून पिप चालवा.

ते बरोबर असेल तर कारण कॅश. फोल्डरमध्ये काय आहे याची यादी इम्पोर्टची यंत्रणा स्वतःकडे ठेवते आणि फोल्डरची बदललेली वेळ बघूनच ती ताजी करते. वेळेची ही मोजणी प्रत्येक डिस्कवर तितकी बारीक नसते, त्यामुळे नुकतीच आलेली फाइल निसटू शकते. शोधण्याआधी ‘इम्पोर्टलिब.इनव्हॅलिडेट_कॅशेस’ बोलवा. पूर्ण पत्ता देऊन लोड करत असाल तर हा प्रश्न येतच नाही.

नवं व्हर्जन आलं की ‘रीलोड’ करून भागेल का?

शिकताना, प्रयोग करताना भागेल. लोकांची बिलं निघत असताना नाही.

‘इम्पोर्टलिब.रीलोड’ मॉड्यूलचा कोड त्याच मॉड्यूलमध्ये पुन्हा चालवतो, एवढंच करतो. आधी बनलेली ऑब्जेक्ट्स जुन्याच क्लासची राहतात. नव्या क्लासशी ‘इज-इन्स्टन्स’ तपासलं तर उत्तर ‘नाही’ येतं, जरी दोघांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं असलं तरी. ज्या कोडने ‘फ्रॉम-इम्पोर्ट’ करून फंक्शन आधीच उचललं आहे, त्याच्याकडे जुनंच फंक्शन राहतं. नव्या फाइलमधून एखादं नाव काढून टाकलं असेल तर ते मॉड्यूलमध्ये तसंच पडून राहतं. प्लग-इनमध्ये पाच फाइल्स असतील तर एक रीलोड केल्याने बाकीच्या चार होत नाहीत.

हे सोसायटीच्या भाषेत सांगतो. थकबाकीवरच्या व्याजाचं प्लग-इन मधेच रीलोड केलं, तर ‘ए’ विंगची बिलं जुन्या नियमाने आणि ‘बी’ विंगची नव्या नियमाने निघू शकतात. एरर कुठेच येणार नाही. वार्षिक सभेत एखादे आजोबा दोन बिलं शेजारी ठेवून विचारतील, तेव्हा कळेल.

आणखी एक बारकावा. पायथॉन आपली कम्पाइल केलेली फाइल जुनी झाली का, हे मूळ फाइलची वेळ आणि आकार यांवरून ठरवतो. दर १८ चा २१ केला तर आकार तेवढाच राहतो, आणि बदल त्याच सेकंदात झाला असेल तर जुनाच कोड चालू शकतो. स्क्रिप्टने फाइल्स बदलणाऱ्यांना हे सहज गाठतं.

आमची पद्धत अशी: प्लग-इन्स मुख्य अ‍ॅपमध्ये नाही, तर वेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, लोड होतात. नवं व्हर्जन आलं की नवा वर्कर सुरू होतो आणि नवी कामं त्याला जातात. जुना वर्कर हातातली सोसायटी पूर्ण करून बंद होतो. एका सोसायटीची एका महिन्याची सगळी बिलं एकाच वर्करकडून, म्हणजे एकाच व्हर्जनमधून निघतात. मुख्य अ‍ॅप बंद करावं लागत नाही, आणि ‘चालू असताना बदल’ म्हणून जे हवं होतं ते मिळतं.

प्लग-इन मेमरीतून पूर्ण काढता येतं का?

पायथॉनमध्ये तशी खात्रीची सोय नाही. ‘सिस.मॉड्यूल्स’मधून नाव पुसलं तरी ज्यांच्याकडे संदर्भ आहेत त्यांच्यासाठी ते जिवंतच असतं. सी भाषेत लिहिलेली एक्स्टेन्शन मॉड्यूल्स तर प्रोसेस संपेपर्यंत राहतात.

क्यूजीआयएसमध्ये ‘अनलोड’ आणि ब्लेंडरमध्ये ‘अनरजिस्टर’ असतं, ते मात्र वेगळं काम करतं. प्लग-इनने जोडलेले मेनू, बटणं, इव्हेंट्स त्याने स्वतः सोडवून घ्यायचे, असा तो करार आहे. असा करार जरूर करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. प्लग-इनला जे काही जोडायचं ते तुमच्या एका नोंदणी-ऑब्जेक्टमार्फतच जोडायला लावा. मग ते स्वतः विसरलं तरी नोंदवहीत बघून तुम्ही सगळं सोडवू शकता.

एक प्लग-इन कोसळलं तर बाकीचं अ‍ॅप वाचवायचं कसं?

एरर तीन ठिकाणी येऊ शकते: इम्पोर्ट होताना, ऑब्जेक्ट बनताना आणि काम करताना. तिन्ही ठिकाणी पकडा, आणि लॉगमध्ये प्लग-इनचं नाव व व्हर्जन लिहा. त्याशिवाय रात्री अकरा वाजता फोन आल्यावर कुणाचं प्लग-इन आहे हे कळणार नाही.

‘एक्सेप्शन’ पकडलं म्हणजे सगळं पकडलं, असं नाही. ‘सिस्टीम-एक्झिट’ हा त्याच्या कुळात येत नाही, तो थेट ‘बेस-एक्सेप्शन’खाली आहे. कमांड लाइनसाठी लिहिलेली स्क्रिप्ट कुणी तशीच प्लग-इन म्हणून टाकली आणि तिच्या शेवटी ‘सिस.एक्झिट’ असेल, तर मुख्य थ्रेडमध्ये (प्रोसेसच्या आतल्या कामाच्या मुख्य धाग्यात) इम्पोर्ट होताच अख्खं अ‍ॅप शांतपणे बंद होतं. ना एरर, ना ट्रेसबॅक. म्हणून लोड करताना ‘सिस्टीम-एक्झिट’ मुद्दाम वेगळा पकडा. ‘कीबोर्ड-इंटरप्ट’ मात्र सोडून द्या, तो चालवणाऱ्या माणसाचा हक्क आहे.

काही गोष्टी ‘ट्राय’ने पकडल्याच जात नाहीत. सी एक्स्टेन्शनमधला सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोसेसच कोसळवणारी मेमरीची चूक), ‘ओएस._एक्झिट’, आणि न संपणारा लूप. पायथॉनमध्ये थ्रेड बाहेरून मारण्याची अधिकृत सोय नाही, त्यामुळे अडकलेलं प्लग-इन थ्रेडमध्ये असेल तर तुम्ही फक्त बघत राहता. प्रोसेसमध्ये असेल तर वेळमर्यादा संपताच ती प्रोसेस मारता येते.

न कोसळताही नुकसान करणारी प्लग-इन्स असतात. कुणी चालू फोल्डर बदलतं, कुणी लोकॅल (भाषा आणि आकड्यांची मांडणी) बदलतं, कुणी लॉगिंगची मांडणी आपल्या मनासारखी करून घेतं, कुणी सिग्नल हँडलर बसवतं. या सगळ्या गोष्टी पूर्ण प्रोसेसला मिळून एकच असतात.

अनोळखी माणसाचं प्लग-इन सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त जागेत, चालवता येईल का?

याचं उत्तर स्पष्टच द्यायला हवं: एकाच प्रोसेसमध्ये, नाही. लोड झालेल्या प्लग-इनला तुमच्या अ‍ॅपचे सगळे अधिकार मिळतात. डेटाबेसचा पासवर्ड, सभासदांचे फोन नंबर, कुणाची किती थकबाकी, सगळं त्याच्या आवाक्यात येतं.

पायथॉनमध्येच ‘आरएक्झेक’ आणि ‘बॅस्टियन’ नावाची दोन मॉड्यूल्स यासाठी होती. ती सुरक्षित ठेवता येत नाहीत हे लक्षात आल्यावर २००३ साली आलेल्या २.३ मध्ये बंद केली गेली आणि पायथॉन ३ मध्ये उरलीच नाहीत. ‘बिल्टइन्स’ (पायथॉनची अंगभूत फंक्शन्स) काढून घेऊन ‘एक्झेक’ने कोड चालवायचा, ही युक्ती दर काही महिन्यांनी कुणीतरी नव्याने सुचवतं. कुठल्याही साध्या ऑब्जेक्टवरून त्याच्या क्लासकडे, तिथून मूळ ‘ऑब्जेक्ट’ क्लासकडे, आणि तिथून लोड झालेल्या सगळ्या उपक्लासेसकडे जाता येतं, त्यामुळे ती टिकत नाही. ३.८ मध्ये आलेले ऑडिट हुक्स काय घडतंय हे नोंदवायला उत्तम आहेत, पण तेही कुंपण नव्हे.

खरी भिंत ऑपरेटिंग सिस्टीमची. प्लग-इन वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या युजरच्या नावाने, मोजक्या फोल्डरपुरतं आणि शक्य असेल तर नेटवर्कशिवाय चालवा. वेगळ्या प्रोसेसचा रस्ता सबलाइम टेक्स्ट या मजकूर-संपादकानेही धरला: त्याची पायथॉन प्लग-इन्स संपादकात नाही, तर ‘प्लगइन_होस्ट’ या निराळ्या प्रोसेसमध्ये चालतात. प्लग-इन अडकलं तरी टायपिंग थांबत नाही.

दोन प्रोसेसमध्ये बोलणं जेसनमधून (माहिती साध्या मजकुरात मांडण्याची पद्धत) ठेवा. ‘मल्टिप्रोसेसिंग’ हाताशी असतं, पण ते आतून पिकल (ऑब्जेक्ट्स बांधून पाठवायची पायथॉनची पद्धत) वापरतं, आणि पिकल उघडताना समोरच्याला हवा तो कोड चालवता येतो. म्हणजे भिंत बांधायची आणि दाराची किल्ली पलीकडच्यालाच द्यायची, असं होतं. रकमा रुपयांत नाही तर पैशांत, पूर्णांक म्हणून पाठवा. फ्लोट (दशांश संख्या) नको.

या सगळ्याने थोडा वेग जातो, हे खरं. चारशे फ्लॅटच्या सोसायटीसाठी एकेका फ्लॅटची विनंती न पाठवता पूर्ण यादी एकदम पाठवली की तो वेग परत मिळतो.

पायपीआयवर आहे, म्हणजे तपासलेलं आहे ना?

नाही. पायपीआय ही पायथॉन पॅकेजेस ठेवण्याची सार्वजनिक जागा आहे, तिथे कुणी प्रत्येक पॅकेज वाचून मंजूर करत नाही. मे २०२२ मध्ये ‘सीटीएक्स’ नावाचं जुनं, वापरातलं पॅकेज हल्लेखोराच्या हाती गेलं. मूळ लेखकाच्या ईमेलच्या डोमेनची मुदत संपली होती. हल्लेखोराने ते डोमेन विकत घेतलं, पासवर्ड बदलून घेतला आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोसेसला बाहेरून दिलेली मूल्यं, उदा. पासवर्ड) चोरणारी आवृत्ती चढवली. २०२४ पासून पायपीआयवर पॅकेज सांभाळणाऱ्यांना दुहेरी ओळखपडताळणी सक्तीची आहे. त्याने हा रस्ता अवघड झाला, तरी लेखकाचाच हेतू वाईट असेल तर तिचा उपयोग नाही.

सोर्स पॅकेज इन्स्टॉल होतानाही त्याचा कोड चालू शकतो, म्हणजे ‘नुसतं इन्स्टॉल केलंय, चालू कुठे केलंय’ हे समाधान खोटं आहे. पिपला फक्त व्हील (आधीच तयार केलेलं पॅकेज) घ्यायला सांगा आणि हॅश (फाइलचा ठसा) तपासायची सक्ती करा.

दोन प्लग-इन्सना एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन्स हवी आहेत.

एका प्रोसेसमध्ये एका नावाचं एकच मॉड्यूल. दोघांना वेगळी एन्व्हायर्नमेंट आणि वेगळे वर्कर द्या. ३.१४ पासून ‘कन्करंट.इंटरप्रीटर्स’मधून एका प्रोसेसमध्ये अनेक इंटरप्रीटर (पायथॉन कोड चालवणाऱ्या यंत्रणा) चालवता येतात आणि प्रत्येकाची मॉड्यूल्स वेगळी असतात. पण काही सी एक्स्टेन्शन्स त्यांत चालत नाहीत, आणि सुरक्षेची भिंत म्हणून तर त्यांच्याकडे बघूच नये.

अ‍ॅप आणि प्लग-इन यांच्यातला करार कसा लिहायचा?

छोटा. हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि घाईत हिच्याकडेच दुर्लक्ष होतं. लोड करणं एका दुपारचं काम आहे. करार मात्र एकदा दिला की वर्षानुवर्षं पाळावा लागतो, कारण पलीकडे अशी माणसं असतात ज्यांनी नोकरी सांभाळून, लोकलमध्ये उभ्याउभ्या विचार करून आपल्या सोसायटीसाठी काहीतरी लिहिलेलं असतं. तुम्ही एखादं नाव बदललंत की त्यांचं काम मोडतं.

प्लग-इनला अख्खं अ‍ॅप-ऑब्जेक्ट देऊ नका. जे दिलं ते लोक वापरतात, आणि जे वापरतात ते बदलता येत नाही. व्याजाच्या प्लग-इनला आम्ही देतो ते एवढंच: थकबाकी पैशांत, दिवस, वार्षिक दर. परत यायला हवं ते व्याज, पैशांत. आकार, म्हणजे प्लग-इनमध्ये कोणती फंक्शन्स हवीत ते, ‘प्रोटोकॉल’ने किंवा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बेस क्लासने सांगा आणि कराराला एक साधा व्हर्जन क्रमांक द्या. जुळला नाही तर लोड करण्याआधीच, समजेल अशा मराठीत नकार द्या.

मिळालेलं उत्तरही तपासा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळ व्याज लागतं, जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के. ₹१०,००० वर ३० दिवसांचं व्याज ₹१७२.६० होतं. चक्रवाढ लावणारं प्लग-इन पहिल्या महिन्यात बरोबरच दिसतं, फरक पुढे पडत जातो. म्हणून कमाल आकडा मूळ अ‍ॅप स्वतः काढतं आणि त्याच्यावरचं किंवा शून्याखालचं उत्तर परत पाठवतं. सभासदाच्या बिलावर छापलेल्या आकड्याची जबाबदारी अ‍ॅपची आहे, प्लग-इन कुणाचंही असो.

प्लग-इन्स सांभाळायला प्लगी, स्टीव्हडोर या लायब्ऱ्या की स्वतःचा कोड?

एकाच प्रसंगी अनेक प्लग-इन्सना बोलवायचं असेल तर पायटेस्टमधून आलेलं ‘प्लगी’. एंट्री पॉइंट्सवर मोठं काम असेल तर ओपनस्टॅक या क्लाउड प्रकल्पाचं ‘स्टीव्हडोर’. दोन-तीन जागीच प्लग-इन लागत असेल तर स्वतःच्या शंभर ओळी पुरतात.

प्लग-इनमध्ये मराठी चालेल का?

चालेल. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावंही देवनागरीत देता येतात, आणि ‘इंट’ला ‘२५०’ हे देवनागरी अंक दिले तरी संख्या मिळते. जपायचं ते फाइल उघडताना. सोसायटीच्या ऑफिसात बहुतेक विंडोज असतं, आणि तिथे ‘ओपन’ला एन्कोडिंग सांगितलं नाही तर ३.१४ पर्यंत ते यूटीएफ-८ न धरता विंडोजचं कोड पेज धरतं. सभासदांची नावं मग अगम्य अक्षरांत छापली जातात, नाहीतर एररच येते. प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ लिहा.

पायइन्स्टॉलरने अ‍ॅपची एक्झी (विंडोजवर थेट चालणारी फाइल) केली आणि प्लग-इन्स चालेनाशी झाली.

पायइन्स्टॉलर तुमच्या कोडमध्ये दिसणारी इम्पोर्ट्सच आत भरतो. प्लग-इनला लागणारं एखादं प्रमाणित मॉड्यूल तुमचं अ‍ॅप वापरत नसेल तर ते एक्झीत नसतंच. प्लग-इन्सना कोणती मॉड्यूल्स मिळतील याची यादी करारात द्या आणि ती ‘हिडन इम्पोर्ट’ म्हणून भरा. आत भरलेल्या प्लग-इन्सचे एंट्री पॉइंट्स दिसत नसतील तर त्या पॅकेजचा मेटाडेटाही ‘कॉपी-मेटाडेटा’ने सोबत घ्या.

ही यंत्रणा तपासायची कशी?

मुद्दाम बिघडलेली प्लग-इन्स लिहून. एक इम्पोर्ट होतानाच एरर देणारं, एक ‘सिस.एक्झिट’ करणारं, एक कधीच न संपणारं, एक पूर्णांकाऐवजी फ्लोट देणारं, एक ‘कॅलेंडर’ नावाचं. प्रत्येक रिलीजआधी ती सगळी लोड करा आणि बाकीची बिलं पैशापर्यंत जुळतात का बघा.

माझं प्लग-इन तयार आहे. पाठवताना काय द्यावं?

व्हील किंवा एकच फाइल, कराराचा व्हर्जन क्रमांक, लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी, आणि तुमच्या सोसायटीच्या एका जुन्या महिन्याची नमुना माहिती व हाताने तपासलेली बिलं. नमुन्यातली सभासदांची नावं आणि फोन नंबर बदलून पाठवा. आम्ही ते आधी वेगळ्या वर्करमध्ये त्याच माहितीवर चालवतो आणि आकडे जुळले की तुमच्या सोसायटीपुरतं चालू करतो.